खडकी ते देहूरोड : गाव सोडून आलेल्यांचा इतिहास

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगायला कोणी बसला की त्याच्याकडे दोन गोष्टी तयार असतात. एक मोरया गोसावींची आणि चापेकर बंधूंची, दुसरी बजाजची आणि टेल्कोची. पहिलीत देव आणि देशभक्त, दुसरीत उद्योगपती. मग ज्यांनी कारखान्यात उभे राहून हे शहर चालवले, ती माणसे कुठे गेली? ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर सापडतात आणि तिथे त्यांच्यासाठी एकच शब्द राखून ठेवलेला असतो : 'लोंढे'. लोंढे आले, झोपडपट्ट्या वाढल्या, शहर बिघडले.

लोंढा पाण्याचा असतो. उतार दिसेल तिकडे तो जातो. आपली माणसे मात्र उतार पाहून आली नाहीत. कुठे जायचे आणि कशासाठी जायचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पुणे-लोणावळा लोकलमध्ये बसा आणि खिडकीबाहेर पाहत जा. शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड. जेमतेम पाऊण तासाचा हा रस्ता. या प्रत्येक स्टेशनाच्या आसपास आपली वस्ती आहे, विहार आहे, पंचशील ध्वज आहे. हा योगायोग नाही. या रस्त्याने महार, मांग, चांभार समाजाने शंभर-सव्वाशे वर्षांत जे स्थलांतर केले, ते आंबेडकरी चळवळीच्या इतिहासाचा भाग आहे. आपण मात्र त्याला 'पोटासाठी आले' एवढ्या दोन शब्दांत गुंडाळतो.

सुरुवात पुण्याच्या पेठांपासून करू. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. इमारतीच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरत असत, असे तिने त्यात लिहून ठेवले आहे. पुण्याचे वाडे बघायला हेरिटेज वॉक निघतात, तेव्हा लाकडी खांब दाखवतात, कोरीव काम दाखवतात, पायाबद्दल कोणी बोलत नाही. सांगायचा मुद्दा असा की पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला जागा होती ती एक तर शहराच्या कडेला, नाही तर पायाखाली.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा डोलारा कोसळू लागला. १ जानेवारी १८१८ चे कोरेगाव आपल्याला पाठ आहे. पण त्यानंतर पुण्याच्या भूगोलात जो बदल झाला त्याकडे आपले लक्ष कमी जाते. इंग्रजांनी पेठांच्या बाहेर छावण्या वसवल्या. पुणे कॅम्प आणि खडकी. इथे जमीन लष्कराची, नियम लष्कराचे. पाटील नाही, कुलकर्णी नाही, जोशी नाही. सकाळी कोणाची सावली कोणावर पडली याचा हिशोब ठेवायला कोणी बसलेले नाही. पुण्यातले आपले पहिले मोठे पुढारी शिवराम जानबा कांबळे याच छावणीच्या जगात वाढले. १ जुलै १९०८ रोजी त्यांनी पुण्यातून 'सोमवंशीय मित्र' सुरू केले. कोरेगावच्या स्तंभापाशी समाजाला त्यांनीच जमवले आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे आले.

म्हणून इंग्रजांची आरती ओवाळायची गरज नाही. ज्या महारांनी त्यांना राज्य मिळवून दिले, त्यांचीच लष्करभरती इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून कांबळे यांना अर्जांवर अर्ज करावे लागले. छावणीतही साहेबाचा बंगला वेगळा आणि नोकरांच्या चाळी वेगळ्या होत्या. इंग्रजाने आपल्याला मुक्त केले नाही. त्याच्या गरजेपोटी गावगाड्यात एक फट पडली आणि आपली माणसे त्या फटीतून बाहेर पडली, इतकेच.

ती फट किती महत्त्वाची होती हे समजायचे असेल तर महार वतन समजून घ्यावे लागते. आजच्या पोरांना वतन म्हणजे जमीन वाटते. वतन म्हणजे कुळाच्या मानेवर ठेवलेले जू होते. सरकारचा सांगावा, पाटलाचे बोलावणे, मेलेले ढोर, दवंडी, रात्रीची राखण. यातले काम कधी सुरू होईल हे ठरलेले नाही आणि कधी संपेल हेही ठरलेले नाही. वतनदार आजारी असला तर त्याच्या बापाने जायचे, बाप नसला तर घरातल्या बाईने जायचे. मोबदला म्हणजे बलुते आणि इनामाचा एखादा तुकडा, तोही भाऊबंदात वाटून चिमूटभर झालेला. बलुते द्यायचे की नाही हे शेतकऱ्याच्या मर्जीवर. तुम्ही ताठ चाललात की बलुते बंद. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच कारणाने. ते मंजूर झाले नाही.

आता याच्या शेजारी खडकीचा दारूगोळा कारखाना ठेवा. स्थापना १८६९. तिथे काम धोक्याचे होते, मुकादमाची शिवी होती, पगार फार नव्हता. पण तिथे भोंगा होता. भोंगा वाजला की काम सुरू आणि पुन्हा भोंगा वाजला की काम बंद. ज्या माणसाच्या सात पिढ्यांना 'काम संपले' हे वाक्य माहीत नव्हते, त्याच्या आयुष्यात हे वाक्य पहिल्यांदा आले. महिन्याच्या ठरल्या तारखेला रोख पैसा हातात पडू लागला. तो मिळवण्यासाठी कोणाच्या दाराबाहेर उभे राहून 'जोहार मायबाप' म्हणावे लागत नव्हते. कारखान्यावरचा कामगार हा खरा मार्क्सच्या पुस्तकातला शोषित, पण गावच्या वतनदार महाराच्या तुलनेत तो मोकळा माणूस होता. आपल्या डाव्या मित्रांना हे कधी नीट उमजले नाही.

दुसऱ्या महायुद्धात हा वेग वाढला. खडकीला १९४० साली स्फोटकांचा कारखाना आला, देहूरोडला लष्कराचे डेपो उभे राहिले. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या कामगार परिषदेत आठ तासांच्या दिवसाचा प्रश्न पुढे आला. खडकीच्या कामगाराला बाबासाहेब नेते होते, तसेच त्याच्या कामाचे तास ठरवणारे मंत्रीही होते.

आणि इथेच ती गोष्ट येते जिच्याबद्दल आपल्या शिबिरांत फार थोडे बोलले जाते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म तिथला म्हणून ती आपल्याला आठवते. त्याच परिषदेत स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला होता. हिंदूंच्या गावापासून दूर, त्याच्यावर अवलंबून नसलेली अस्पृश्यांची स्वतंत्र गावे वसवावीत आणि हे काम सरकारने करावे, अशी मागणी होती. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी ती कायद्याच्या भाषेत मांडली. सेटलमेंट कमिशन नेमावे, पडीक सरकारी जमीन या आयोगाच्या ताब्यात द्यावी, गरज पडल्यास खासगी जमीन विकत घ्यावी आणि केंद्राने दरवर्षी यासाठी निधी बाजूला काढावा. म्हणजे बाबासाहेब फक्त 'गाव सोडा' म्हणत नव्हते. गाव सोडून जिथे जाल तिथली जमीन तुमच्या नावावर असली पाहिजे, हा त्या मागणीचा कणा होता.

संविधान सभेने ही मागणी घेतली नाही. कलम १९ ने देशात कुठेही राहण्याचे आणि स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य दिले, ते मोलाचे आहे. पण स्थायिक व्हायला जमीन लागते, आणि जमिनीबद्दल ते कलम गप्प आहे.

सरकारला हे जमत नव्हते काय? जमत होते. उदाहरण याच लोकलच्या रस्त्यावर आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी पिंपरीला वसाहत उभी राहिली, तीच आजची पिंपरी कॅम्प. १९५४ साली संसदेने निर्वासितांच्या भरपाईचा आणि पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला. घर सोडून आलेल्यांना घर मिळाले, हे योग्यच झाले. त्यांच्याबद्दल आपल्या मनात किंतु असायचे कारण नाही. प्रश्न सरकारला आहे. एका रात्रीत बेघर झालेल्यांना निर्वासित म्हटले, त्यांच्यासाठी खाते काढले, कायदा केला. हजार वर्षे गावकुसाबाहेर बेघर असलेले त्याच स्टेशनवर उतरले तेव्हा त्यांना अतिक्रमणवाले म्हटले. सेटलमेंट कमिशन कसे चालवायचे हे या सरकारला नीट येत होते. आपल्यासाठी चालवायचे नव्हते.

जे सरकारने केले नाही ते लोकांनी आपल्या परीने केले. त्याचा सर्वांत मोठा पुरावा देहूरोड. देहू आणि देहूरोड यांच्यात अंतर काही किलोमीटरचे. एकीकडे तुकोबांचे गाव, इंद्रायणीचा डोह, वारी. दुसरीकडे रेल्वे स्टेशन, दारूगोळ्याचा डेपो आणि कामगारांच्या वस्त्या. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेब या दुसऱ्या ठिकाणी आले. त्याच महिन्यात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतले होते. देहूरोडच्या नव्या विहारात त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. सामान्य माणसाला कळेल असा बुद्धाच्या शिकवणीवरचा ग्रंथ आपण लिहीत आहोत आणि तो पूर्ण झाल्यावर धम्माचा स्वीकार करू, असे त्यांनी तिथे जाहीर केले. पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची आहे हा विचारही त्यांनी त्याच सभेत मांडला. नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६ च्या जवळजवळ दोन वर्षे आधीची ही गोष्ट.

देहूरोडच का? पुण्यात जागा नव्हती काय? माझे उत्तर असे. पंचवीस वर्षे आधी, १३ ऑक्टोबर १९२९ रोजी, पुण्यातच पर्वतीचा सत्याग्रह सुरू झाला होता. देवळाचा दरवाजा उघडा म्हणून शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांचे सहकारी टेकडी चढले, तेव्हा त्यांच्यावर दगड आले. पर्वतीला आपण दुसऱ्याच्या देवळाच्या पायरीवर उभे होतो. देहूरोडला विहार आपला होता. तो बांधायला, सभा भरवायला, मांडव घालायला लागणारा पैसा डेपोतल्या पगारातून आला, कोणा सावकाराकडून किंवा सवर्ण दात्याकडून आला नाही. सभेला गेल्याबद्दल दुसऱ्या दिवशी बलुते बंद करील असा पाटील तिथे नव्हता. धम्माची घोषणा करायला लागते ती मोकळी जागा गावात मिळाली नसती, पेठेतही मिळाली नसती. ती उपनगरातल्या कामगारवस्तीत मिळाली. जाता जाता, याच रेल्वेमार्गावर थोडे पुढे तळेगाव दाभाड्याला बाबासाहेबांचा बंगला आहे. राहण्याची जागा निवडताना त्यांनीही पेठ निवडली नाही.

म्हणून 'शहरात गेलेले समाजाला विसरले' ही आपल्या भाषणांतली आवडती ओळ मला पटत नाही. बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्यात शिकलेल्यांबद्दल खंत व्यक्त केली होती, तिचा आधार घेऊन आपण सरसकट सगळ्यांना झोडपतो. खडकी-देहूरोडचे ते कामगार फार शिकलेले नव्हते. शहरात गेले म्हणून ते विसरले नाहीत, शहरात गेले म्हणूनच त्यांना लक्षात ठेवणे परवडले.

१९५४ सालीच पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना आला. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीची माळराने कारखान्यांनी भरली. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. सरकारी कारखान्यात आरक्षण होते, सेवायोजन कार्यालयातून बोलावणे येत होते. खासगी कारखान्यात मात्र 'आपला माणूस' लावून घेण्याची पद्धत, आणि तो आपला माणूस कोण असायचा हे सांगायला नको.

१९७२ हे वर्ष नीट पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला आणि मराठवाडा, सोलापूर, नगरकडची माणसे पोरेबाळे घेऊन या पट्ट्यात उतरली. भूमिहीन आधी निघाले, आणि भूमिहीन कोण होते ते आपल्याला माहीत आहे. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. हेतू लिहिला होता कामगारांना परवडणारी घरे देण्याचा. पुढे निगडी प्राधिकरण म्हणजे रुंद रस्ते, बागा, बंगल्यांचे प्लॉट असा भाग झाला. जमीन गेलेल्या शेतकऱ्यांनी साडेबारा टक्के परताव्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला आणि तो न्याय्य होता. पण ज्याच्याकडे जायला जमीनच नव्हती तो साडेबारा टक्के कशाचे मागणार? ज्या कामगाराच्या नावाने प्राधिकरण काढले तो ओटा स्कीममध्ये, पत्राशेडमध्ये, नाल्याच्या काठी राहिला. पुण्यातही वेगळे काही घडले नाही. ज्या पर्वतीवर १९२९ साली दगड खाल्ले, तिच्याच उतारावर आज जनता वसाहत आहे.

या वस्त्यांची नावे वाचा. मिलिंदनगर, अजंठानगर, सिद्धार्थनगर, रमाबाईनगर, अण्णाभाऊ साठेनगर. नागसेनाशी वाद करणारा मिलिंद राजा पिंपरीच्या नळावर रांगेत उभ्या असलेल्या बायांच्या पत्त्यात आला, तो कोणत्या विद्यापीठाने आणला नाही. गावात आपल्या वस्तीला नाव नव्हते, दिशा होती. महारवाडा पूर्वेला, मांगवाडा त्याच्या पलीकडे. इथे येऊन लोकांनी पहिली गोष्ट केली ती नाव ठेवण्याची. पत्रा नंतर आला, पाणी त्याच्याही नंतर, नाव आधी.

२०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाखांच्या पुढे आहे आणि त्यात अनुसूचित जाती पावणेतीन लाखांच्या आसपास. २०१७ च्या निवडणुकीत महापालिकेच्या १२८ जागांपैकी २० अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. संख्या आहे, नगरसेवक आहेत, चौकाचौकात पुतळे आहेत. कमी आहे ती जमिनीची कागदपत्रे. झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घर हवे असेल तर १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा दाखवा, असा नियम आहे. ज्याचा आजा महायुद्धाच्या वेळी आला, ज्याची आई १९७२ ला आली, त्याने २००० सालाआधीचा आपला जिवंतपणा सिद्ध करायचा. पेटी पुरात गेली, झोपडी जळाली, कागद हरवला, की तीन पिढ्या हरवल्या. संरक्षण खात्याच्या जमिनीवर राहणाऱ्यांची अवस्था तर याहून अवघड. जमीन केंद्राची, झोपडपट्टीची योजना राज्याची, दोघांच्या मध्ये माणूस.

दरम्यान ज्या दारातून आपण आत आलो ती दारे बंद होत चालली आहेत. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची जुनी रया राहिली नाही. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातले उत्पादन २००७ साली थांबले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशभरातल्या दारूगोळा कारखान्यांचे सात कंपन्यांत रूपांतर झाले आणि खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया या कंपनीत गेला. कायम कामगार निवृत्त होतो, त्याच्या जागी कंत्राटी येतो, आणि कंत्राटदाराच्या हजेरीपटाला बिंदुनामावली लागू करून घेणारा कोणी नसतो.

नव्या पिढीचे स्थलांतर हिंजवडी-वाकडकडे आहे. लातूर, नांदेड, बुलढाण्याकडून इंजिनिअर होऊन आलेली आपली पोरे तिथे फ्लॅट शोधतात. फोनवर सगळे ठरते, मग आडनाव विचारले जाते, आडनावावरून नाही कळले तर 'व्हेज की नॉनव्हेज' विचारले जाते, आणि मग फ्लॅट कालच दुसऱ्याला दिलेला असतो. पन्नास मजली इमारतीलाही गावकूस असते, फक्त ते आता गेटवरच्या ॲपमध्ये आणि सोसायटीच्या नियमावलीत असते. कलम १५ भाड्याच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी वेगळा कायदा लागेल आणि तो मागणारे आंदोलन अजून आपण उभे केलेले नाही.

आणि ज्या जमिनीवर हे मनोरे उभे राहत आहेत, ती कोणाची होती? पुण्याभोवतालच्या गावांतही महार वतनाच्या जमिनी होत्या. १९५८ च्या कायद्याने वतने खालसा झाली, जमीन मुदतीत रक्कम भरणाऱ्याला नव्या शर्तीवर परत मिळायची होती. ज्याला नोटीस वाचता येत नव्हती, ज्याच्याकडे रोकड नव्हती, जो तोवर खडकीला किंवा मुंबईला निघून गेला होता, त्याचे नाव सातबाऱ्यावरून गळत गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंढव्याच्या ४० एकर महार वतन जमिनीचा व्यवहार उजेडात आला तेव्हा महाराष्ट्र दोन-चार आठवडे हादरला. चॅनेलवर चर्चा झाली ती कोणत्या नेत्याचे काय होणार याची. मूळ वतनदारांची कुटुंबे आज कुठे राहतात, हे विचारायला फार थोडे पत्रकार गेले.

हे विचारायचे काम आपले आहे आणि ते कार्यकर्त्याला आजच सुरू करता येते. हवेली आणि मुळशी तालुक्यांतल्या, आता शहरात आलेल्या गावांचे जुने सातबारे आणि फेरफार उतारे काढा. इनाम वर्ग सहा ब ची नोंद कुठे होती आणि कोणत्या फेरफाराने उडाली ते पाहा. वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे कारखान्याचे बिल्ले, पगाराच्या चिठ्ठ्या, जुनी रेशनकार्डे, फोटोपास असतील, त्यांचे फोटो काढून ठेवा. २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडच्या मैदानात पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. येत्या २५ डिसेंबरला विहाराकडे जाल तेव्हा वंदना झाल्यावर लगेच लोकल पकडू नका. रांगेत खुर्चीवर बसवून आणलेले कोणी म्हातारे दिसले तर त्यांच्याशेजारी बसा आणि ते कोणत्या गावाहून आले, कोणत्या साली आले, गावी वतनाची जमीन किती होती, ते लिहून घ्या.